करणें आणि करविणें

कोणत्याही भाषेंतील दुर्मिळ शब्दाचा अर्थ सांगणें सोपें असतें. कठीण असतें तें नित्याच्या शब्दाचा अर्थ सांगणें. ‘कुरंग’ म्हणजे हरीण, एवढें लिहिलें कीं कोशकार मोकळा होतो. परंतु ‘करणें’ म्हणजे काय, असें विचारलें कीं त्याला रकान्यामागून रकाने भरावे लागतात, आणि तरीही कांहीं राहून गेल्याची रुखरुख त्याच्या मनाला लागतेच. जो शब्द सर्वांच्या हातीं खेळतो तो नाण्यासारखा झिजतो. आणि झिजलेल्या नाण्यावरचा छाप वाचावयाचा तर तें उजेडाकडे जरा तिरपें धरावें लागतें. आज असेंच एक नाणें मी आपणांपुढें धरणार आहें. तें फ्रेंच टांकसाळींतलें आहे. पण त्याच्या शेजारीं आपलें मराठी नाणें ठेवून पाहिलें असतां आपल्याच इतिहासाचीं कांहीं अक्षरें स्पष्ट होतील, असा माझा विश्वास आहे.

मुंबईपासून कल्याणपर्यंत आणि पुढें उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरापर्यंत पसरलेल्या या वस्तींतल्या कित्येक घरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी शाळेंत वा कॉलेजांत फ्रेंच शिकत असते. त्यांच्या पुस्तकांत ‘फेर’ हें क्रियापद अगदीं आरंभींच्या धड्यांत भेटतें. त्याचा सरळ अर्थ ‘करणें’. फ्रेंच मनुष्य स्वयंपाक करतो, बाजार करतो, प्रवास करतो, चूक करतो. या सर्व ठिकाणीं ‘फेर’च. येथवर त्याचें आणि आपलें जुळतें. परंतु तो अंथरूणही ‘करतो’. आपण तें घालतों. हवा थंड आहे असें सांगावयाचें असल्यास तो ‘इल् फे फ्र्वा’ म्हणतो. शब्दशः ‘तें थंड करतें’. हें ‘तें’ म्हणजे कोण, याची चौकशी करण्यांत अर्थ नाहीं. कर्त्याचें आसन रिकामें राहूं नये म्हणून बसविलेला तो एक बाहुला आहे. आपल्याकडे थंडी, ऊन आणि पाऊस हीं तिन्ही आपापलीं पडतात. त्यांना कोणी करीत नाहीं. दुकानांतला हिशोब सांगतांना आपण ‘इतके झाले’ म्हणतों, फ्रेंच दुकानदार ‘इतके करतें’ म्हणतो. ‘दोन वर्षें झालीं’ याऐवजीं ‘दोन वर्षें करतें’ असें त्याचें बोलणें असतें. झग्यानें कोणी संन्यासी होत नाहीं, अशा अर्थाची त्यांची एक म्हण आहे. तिच्या मूळ शब्दांत झगा संन्याशाला ‘करीत नाहीं’. तात्पर्य, जेथें आपण ‘होणें’ योजतों तेथें फ्रेंच भाषा पुष्कळदां ‘करणें’ योजते.

आपलें ‘करणेंं’ही कांहीं कमी पसाऱ्याचें नाहीं. पोळ्या करणें, कविता पाठ करणें, नवस करणें, श्राद्ध करणें, तोंड करणें. क्रियापद एक आणि कृत्यें पांच. पहिल्यांत हात पिठांत असतात, दुसऱ्यांत ओठ हलतात, तिसऱ्यांत हात जोडलेले असतात, चौथ्यांत दर्भ लागतो आणि पांचव्यांत लहान मूल मोठ्यांच्या शब्दाला उलट शब्द देतें. एखादी गोष्ट मनांत घर करते, तिला ना विटा लागतात ना चुना. ‘करणी’ म्हटली तर ती सत्कृत्यही असूं शकते आणि जादूटोणाही. ‘आम्ही बदलापुरास घर केलें’ असें म्हणणाऱ्या गृहस्थानें वीट रचलेली नसते, बहुधा रचविलेलीही नसते. त्यानें तयार जागा विकत घेऊन तेथें बिऱ्हाड थाटलेलें असतें. ‘लेकीला पाटल्या केल्या’ असें आई समाधानानें सांगते. त्या पाटल्या केलेल्या असतात सोनारानें, आणि आईच्या वाक्यांत सोनार कोठेंच नसतो. हें शेवटचें उदाहरण श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. त्याच्याकडे मला पुन्हां यावयाचें आहे.

मग हीं दोन क्रियापदें एकमेकांचीं नातलग आहेत काय? अर्थ जुळला म्हणजे कुळ जुळतें असें नाहीं. ‘फेर’ हें लॅटिन ‘फाकेरे’ या क्रियापदाचें अपत्य. आणि भाषाशास्त्रज्ञांच्या मतें त्याचा संस्कृतांतला भाऊ म्हणजे ‘धा’ हा धातु, ज्यापासून विधि, विधान, निधि हे शब्द झाले. इंग्रजी ‘डू’ हें क्रियापदही त्याच घराण्यांतलें. आपलें ‘करणें’ आलें तें ‘कृ’ धातूपासून. कर्म, कारण, संस्कार, प्रकृति ही त्याची संतति. किंबहुना ‘संस्कृत’ हें भाषेचें नांवसुद्धां याच धातूचें. या धातूची एक शाखा इराणांत नांदली आणि तेथून फारशी भाषेच्या वाटेनें कारखाना, कारकून, कारभार, कारागीर, सरकार असे शब्द घेऊन आपल्याकडे परत आली. उलट पक्षीं फॅक्टरी, फॅशन, ऑफिस हे शब्द लॅटिन ‘फाकेरे’च्या वंशांतले; आणि ‘अफेअर’ हा शब्द तर मुळांत फ्रेंच ‘आ फेर’, म्हणजे ‘करावयाचें’ काम. तेव्हां अंबरनाथचा कामगार सकाळीं कारखान्यांत गेला काय किंवा फॅक्टरींत गेला काय, दोन्ही दारांवर ‘करणें’ हीच पाटी आहे. फक्त लिपिकार निराळे.

असो. येथवर मौजेचा भाग झाला. ‘फेर’चा जो उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो निराळाच आहे. हें क्रियापद दुसऱ्या क्रियापदाच्या आधीं उभें राहिलें कीं दुसऱ्याकडून काम घडवून आणल्याचा अर्थ निघतो. ‘फेर’ आणि ‘येणें’ मिळून बोलावणें; ‘फेर’ आणि ‘दिसणें’ मिळून दाखविणें; ‘फेर’ आणि ‘कळणें’ मिळून कळविणें; ‘फेर’ आणि ‘पिणें’ मिळून पाजणें. आणि ‘फेर’च्या पुढें पुन्हां ‘फेर’ आलें, ‘फेर फेर’ झालें, म्हणजे आपलें ‘करविणें’. फ्रेंच स्त्री कपडा स्वतः शिवते तेव्हां एक ‘फेर’ पुरतें. शिंप्याकडून शिवून घेते तेव्हां दोन लागतात. दोन माणसें, दोन क्रियापदें. हिशोब चोख आहे.

मराठीनें हाच हिशोब एका शब्दाच्या पोटांत मांडला. कधीं स्वर दीर्घ केला: मरणें–मारणें, पडणें–पाडणें. कधीं स्वराबरोबर व्यंजनही पालटलें: तुटणें–तोडणें, फुटणें–फोडणें. आणि बहुतेक ठिकाणीं एक लहानसा ‘वि’ मध्यें बसविला: करणें–करविणें, बसणें–बसविणें, कळणें–कळविणें. व्याकरणांत याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. मराठीच्या जडणघडणीचा इतिहास झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानें लिहिला. त्याचा तो ग्रंथ १९२० सालीं पॅरिसमध्यें प्रसिद्ध झाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं १९४१ मध्यें त्याचें मराठी भाषांतर केलें. ज्या पंडिताची मातृभाषा दोन ‘फेर’ एकापुढें एक उभे करते, त्याला आमच्या या ‘वि’चें कौतुक वाटलें असल्यास नवल नाहीं.

हा ‘वि’ दिसावयास क्षुल्लक आहे. पण त्यांत एक माणूस राहतो. ‘केलें’ म्हटलें कीं एकच मनुष्य डोळ्यांपुढें येतो. ‘करविलें’ म्हटलें कीं दोघे येतात: आज्ञा देणारा एक आणि हात चालविणारा दुसरा. दुसऱ्याचें नांव वाक्यांत नसेल. पण तो होता, एवढी साक्ष क्रियापद देतें. आपल्या घरोघरच्या बोलण्यांत ‘कर्ता करविता’ अशी जोडी आहे. कर्ता निराळा आणि करविता निराळा, हें आपल्या पूर्वजांनीं देवासंबंधीं बोलतांनाही नजरेआड होऊं दिलें नाहीं.

आतां हीच गोष्ट दगडांवर पाहूं. मराठीच्या आद्य वाक्यांपैकीं एक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शाळेंत शिकविलेला लेख म्हैसूरकडे श्रवणबेळगोळ येथें गोमटेश्वराच्या सुमारें ५८ फूट उंच मूर्तीच्या पायाशीं आहे. ‘श्रीचावुंडराजें करवियलें’, एवढेच त्याचे शब्द. गंग राजाचा मंत्री चावुंडराय यानें ही मूर्ति इ. स. ९८१–९८३ च्या सुमारास करविली. शेजारच्या ओळींत गंगराजानें भोंवतालचा प्राकार, ‘सुत्ताले’, करविल्याची नोंद आहे. आणि हीं अक्षरें गंगराजाच्या काळीं, १११६–१७ च्या सुमारास कोरलीं गेलीं असें अनेक विद्वान मानतात. तेथेंच हाच मजकूर कानडींत आणि तामिळांतही आहे. कानडी शब्द ‘माडिसिदं’, तामिळ शब्द ‘शेय्वित्तान’. या दोन भाषांचें कुळ मराठीहून अगदीं निराळें. तरी दोहोंनींही ‘केलें’ म्हटलें नाहीं, ‘करविलें’ म्हटलें. तिन्ही भाषांच्या लेखकांना मंत्र्यानें छिन्नी हातीं धरली नव्हती हें ठाऊक होतें, आणि तिघांनींही तें प्रामाणिकपणें नोंदलें.

याच्या उलट रोमकडे पाहा. तेथील पँथिऑन या प्रसिद्ध देवालयाच्या दर्शनी पट्टीवर मार्कस अग्रिप्पा याचें नांव असून पुढें ‘फेकित’ असें क्रियापद आहे. हें ‘फाकेरे’चेंच भूतकाळचें रूप, म्हणजे ‘केलें’. अग्रिप्पा सेनापति होता, गवंडी नव्हता. एवढेंच नव्हे, तर आज जी इमारत उभी आहे ती दुसऱ्या शतकांत, हेड्रियन बादशहाच्या काळीं नव्यानें उभारलेली. म्हणजे ज्यानें दगड रचला नाहीं आणि जो ही इमारत उभी राहण्यापूर्वींच वारला, त्याच्या नांवापुढें ‘केलें’ हा शब्द अठराशें वर्षांहून अधिक काळ झळकत आहे! आई रोखठोक ‘केलें’ म्हणून मोकळी झाली. तिच्या मुलीनें, म्हणजे फ्रेंच भाषेनें, दुसरें क्रियापद जोडून तो दोष सुधारण्याची सोय केली. चौदाव्या लुईनें व्हर्सायचा वाडा बांधविला, हें सांगतांना काळजीपूर्वक लिहिणारा फ्रेंच लेखक ‘फेर’ आणि ‘बांधणें’ अशीं दोन क्रियापदें योजतो.

परंतु यापेक्षां सुंदर पुरावा आपल्या जवळच आहे. बदलापुराहून गाडीनें कर्जतमार्गें घाट चढलें कीं लोणावळ्यापुढें कार्ल्याचें लेणें लागतें. तेथील सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या चैत्यगृहांत प्राकृत भाषेंतले अनेक लहान लेख आहेत. त्यांतल्या एकांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल यानें हें शैलगृह ‘परिनिठापित’ केल्याचें, म्हणजे पूर्णत्वास नेवविल्याचें सांगितलें आहे, रूप प्रयोजक. दुसऱ्या लेखांत धेनुकाकटाचा सुतार, वेणुवासाचा पुत्र सामि, याचें नांव आहे. त्यानें घराचें मुख, म्हणजे द्वार, केलें. आणि तेथें शब्द आहे ‘कत’, म्हणजे संस्कृत ‘कृत’, ज्याचा वंशज आपलें ‘केलें’. सावकारानें करविलें, सुतारानें केलें. एकाच लेण्यांत दोन माणसें, दोन रूपें, आणि दोघांचींही नांवें शाबूत. एका सुताराला त्याच्या बापाच्या नांवासह दोन हजार वर्षें जगविण्याचें काम या एका अक्षरी भेदानें केलें आहे.

आतां अंबरनाथास येऊं. वालधुनीच्या कांठचें शिवालय भूमिज शैलीचें. त्याच्या उत्तरेकडील दारावरचा संस्कृत लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. (आरंभीं हा आंकडा ७८२ असा वाचला गेला होता; एका अंकाच्या वाचनानें देऊळ दोनशें वर्षें म्हातारें झालें होतें.) उत्तर कोंकणच्या शिलाहार घराण्यांतील छित्तराजाच्या काळीं या देवळाचा आरंभ झाला आणि त्याचा भाऊ मुम्मुणि याच्या काळीं तें पूर्ण झालें, असें मानतात. विशेष हें कीं याच शके ९८२ चा दिवे आगरचा ताम्रपट मराठींत आहे. कोंकणच्या एकाच किनारपट्टींत, एकाच वर्षीं, देवळाच्या दगडावर संस्कृत आणि व्यवहाराच्या तांब्यावर मराठी!

अंबरनाथच्या त्या लेखांत राजाचें नांव आहे, त्याच्या अमात्यांचीं नांवें आहेत. ज्या पाथरवटांनीं बाहेरच्या भिंतींना घडीवर घडी घालून त्यांवर देवदेवता उभ्या केल्या, त्यांच्यापैकीं कोणाचेंही नांव नाहीं. कार्ल्याच्या सुतारास लाभलें तें त्यांना लाभलें नाहीं. नांव नाहीं तर नाहीं. निदान क्रियापदानें तरी त्यांची आठवण ठेवावी कीं नाहीं? परंतु आज पुस्तकांत काय छापलेलें असतें? ‘हें देऊळ मुम्मुणीनें बांधलें.’ परीक्षेंत प्रश्न येतो, ‘अंबरनाथचें देऊळ कोणीं बांधलें?’ आणि राजाचें नांव लिहिणाऱ्यास पूर्ण गुण मिळतात. मीं स्वतः अनेक वर्षें अशा उत्तरपत्रिका तपासल्या. एके वर्षीं एका मुलानें ‘पाथरवटांनीं’ असें लिहिलें. उत्तराच्या नमुन्यांत तें बसत नव्हतें. पण व्याकरणाच्या दृष्टीनें त्या वर्गांतलें तेंच एक उत्तर बरोबर होतें, म्हणून मीं त्याला पूर्ण गुण दिले. प्रश्न ‘कोणीं बांधविलें?’ असा असता तर राजाला त्याचे गुण रीतसर मिळाले असते.

मराठीचा येथें आणखी एक गुण सांगितला पाहिजे. भूतकाळीं आपलें सकर्मक क्रियापद कर्त्याच्या मागें जात नाहीं, कामाच्या मागें जातें. राजानें वाडा बांधविला, भिंत बांधविली, देऊळ बांधविलें. राजा तोच, पण क्रियापद वाड्याचें, भिंतीचें, देवळाचें लिंग घेतें. राजाच्या आज्ञेपेक्षां झालेल्या कामाचा मान या वाक्यरचनेंत मोठा आहे. अशी ज्या भाषेची जात, तिनें कामाचा हात विसरावा, हें तिला शोभत नाहीं.

परंतु विसर पडत चालला आहे, आणि तो दोन पायऱ्यांनीं पडत आहे. पहिली पायरी ‘करविलें’ वरून ‘केलें’ वर येण्याची. तेथें दोघांपैकीं एक नाहींसा होतो. आईच्या पाटल्यांतला सोनार याच पायरीवर हरवला. घरगुती बोलण्यांत हें चालावयाचेंच, त्याविषयीं माझी तक्रार नाहीं. इतिहासांत मात्र चालूं नये. दुसरी पायरी याहून खालची आहे. ती म्हणजे कचेरींतली भाषा: ‘पाणीपुरवठा बंद करण्यांत येईल’, ‘चौकशी करण्यांत येत आहे’, ‘झाडें तोडण्यांत आलीं’. येथें करविणाराही नाहीं आणि करणाराही नाहीं. काम आपोआप घडतें, फ्रेंचांच्या थंडीसारखें. तेथें निदान आसनावर एक बाहुला तरी बसविलेला असतो. येथें आसनच काढून घेतलेलें आहे. ‘करविलें’ मध्यें दोन माणसें, ‘केलें’ मध्यें एक, ‘करण्यांत आलें’ मध्यें कोणीच नाहीं. चांगल्या कामाचें श्रेय एकानेंच घ्यावयाचें असलें कीं पहिली पायरी उपयोगी पडते आणि वाईट कामाचा जबाब टाळावयाचा असला कीं दुसरी.

कोनशिलांचें उदाहरण घ्या. बहुतेक कोनशिलांवर ‘अमुक यांच्या शुभहस्तें बसविण्यांत आली’ असा मजकूर असतो. या लहानशा वाक्यांत हस्त आहे, पण तो दगड उचलणाऱ्याचा नाहीं. ‘बसविणें’ हें प्रयोजक रूप आहे, पण तें बसविणाऱ्याची आठवण करून देत नाहीं, कारण पुढें लगेच ‘ण्यांत आली’ येऊन सर्वांवर पडदा टाकतें.

उल्हासनगरचा जन्म आपल्याकडील पुष्कळांच्या वडीलधाऱ्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेला. दुसऱ्या महायुद्धांतील कल्याणची लष्करी छावणी; फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं तिच्या बराकी भरल्या, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसली; नांव उल्हासनगर ठेवलें गेलें. छावणी सरकारनें दिली, हें खरें. पण शहर केलें तें त्या माणसांनीं, एकेक दुकान, एकेक यंत्र, एकेक कारखाना मांडून. त्यांच्या मालासंबंधीं एक विनोद सर्वश्रुत आहे. त्यावर ‘मेड इन यूएसए’ असें छापलेलें असे आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असें लोक हंसत सांगत. हंसणाऱ्यांनीं हंसावें. ‘अमुक देशीं केलेलें’ हा शिक्का जगभर गांवाचें वा देशाचें नांव सांगतो, हाताचें सांगत नाहीं. या विनोदांतल्या शिक्क्यानें निदान करणाऱ्या माणसांना त्यांत चोरून जागा दिली. आणि त्याच बाजारांत कान देऊन ऐकिलें तर सिंधींतही ‘करणु’ आणि ‘कराइणु’ अशी जोडी ऐकूं येते. आपल्या ‘करणें–करविणें’ची सख्खी चुलत बहीण. सिंधूकांठची भाषा आणि उल्हासकांठची भाषा, दोघींनींही हा भेद एकाच आजीपासून घेतला.

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ या वर्षाबरोबर सच्चिदानंदबाबांचें नांव येतें. ग्रंथ सांगणारे ज्ञानदेव, लेखणी धरणारे सच्चिदानंदबाबा. आणि त्यांना तेथें ‘लेखक’ म्हटलें आहे, कारण त्या काळीं त्या शब्दाचा अर्थ लिहून घेणारा असा होता. सातशेंहून अधिक वर्षें उलटलीं, तरी ज्यानें लिहिलें त्याचें नांव ज्यानें लिहविलें त्याच्या नांवाशेजारीं आहे. एकाच्या मोठेपणानें दुसऱ्याचें नांव पुसलें नाहीं, आणि दुसऱ्याच्या नोंदीनें पहिल्याचा मोठेपणा रतीभरही उणा झाला नाहीं.

म्हणून पालकांना माझी एवढीच विनंति आहे. मूल फ्रेंचचें पुस्तक घेऊन दोन ‘फेर’ लागोपाठ कां आले असें विचारीत येईल, तेव्हां त्याला मराठींतला ‘वि’ दाखवावा. मग एखाद्या रविवारीं त्याला अंबरनाथच्या देवळाकडे न्यावें आणि तेथें उभें राहून दोन प्रश्न निरनिराळे विचारावे: हें कोणीं करविलें? आणि हें कोणीं केलें? पहिल्याचें उत्तर दारावर कोरलेलें आहे. दुसऱ्याचें उत्तर चारी भिंतींवर कोरलेलें आहे. फक्त तें अक्षरांत नाहीं.